फ्रीसिव्हच्या सिनॅरिओत वंडर गायब होतं किंवा असून काम करत नाही, तेव्हा काय तपासायचं

"दादा, वेरूळचं कैलास शहरात दिसायलंय, पण काम करंनाय."

दख्खनचा नकाशा बनवणाऱ्या आणि खेळणाऱ्या पोरांकडून हा निरोप या ना त्या रूपात येतच असतो. लातूरचा मुलगा विचारतो की देवगिरी जिंकली पण दुर्ग गेला कुठं. नांदेडहून विचारणा होते की बीबी का मकबरा यादीतच येत नाही. परभणीच्या हॉस्टेलवर लॅन लावून खेळणाऱ्यांचा राजवाडा मधेच दुसऱ्या शहरात उगवतो. प्रत्येकाला वाटतं खेळात बग आहे. बहुतेक वेळा बग नसतो. नियमांच्या फायलीत जे लिहिलंय तेच खेळ करत असतो, फक्त आपण काय लिहिलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

हे सगळं फ्रीसिव्ह या राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेमबद्दल आहे. सिनॅरिओ म्हणजे त्यात आपण आधीच मांडून ठेवलेला डाव, आणि वंडर म्हणजे मोजकीच बांधता येणारी खास इमारत. फुकट आहे, कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं आणि त्याचे सगळे नियम साध्या मजकुराच्या फायलीत असतात, त्यामुळे आपल्याकडचा इतिहास घेऊन नकाशा बनवायला याहून सोयीचं साधन मला माहीत नाही. फायलींची आणि आदेशांची नावं इथं देवनागरीत देतोय. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. फ्रीसिव्हमध्ये इमारत आणि तिचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इमारतीचं नाव, किंमत, प्रकार आणि अटी ‘बिल्डिंग्ज’ रूलसेट (म्हणजे नियमांच्या) फायलीत असतात. ती इमारत करते काय, हे ‘इफेक्ट्स’ रूलसेट फायलीत असतं. आणि ती कोणत्या शहरात उभी आहे, हे सिनॅरिओच्या सेव्ह फायलीत असतं. तीन फायली, तीन वेगळे दोष. तक्रार आली की माझा पहिला प्रश्न एकच असतो: शहराच्या खिडकीत इमारत दिसते का? दिसत असेल तर बिल्डिंग्ज फायलीत डोकं घालायचं नाही, इफेक्ट्स उघडायची. दिसत नसेल तर इफेक्ट्सला हात लावायचा नाही.

शहर जिंकलं आणि इमारत गेली

प्रत्येक इमारतीला ‘जीनस’ असतो. ‘ग्रेटवंडर’ म्हणजे साऱ्या जगात एकच. ‘स्मॉलवंडर’ म्हणजे प्रत्येक खेळाडूला एक. ‘इम्प्रूव्हमेंट’ म्हणजे देऊळ, ग्रंथालय, बाजार अशी कुठल्याही शहरात होणारी साधी इमारत. आपल्याला वाटतं की हा शब्द फक्त संख्या ठरवतो. प्रत्यक्षात शहराचा मालक बदलला की इमारतीचं काय होणार, तेही यानंच ठरतं.

ग्रेटवंडर शहराबरोबर नव्या मालकाकडे जातं. स्मॉलवंडर जात नाही, ते नष्ट होतं. लढाईतच नव्हे, करारात शहर देऊन टाकलं किंवा फितुरीनं शहर फिरलं तरी नष्ट होतं. साध्या इमारती लढून घेतलेल्या शहरात प्रत्येकी नशिबावर असतात: ‘रेझचान्स’ नावाचं सर्व्हर सेटिंग असतं, त्याची मूळ किंमत २० आहे, म्हणजे प्रत्येक इमारत पडण्याची शक्यता २० टक्के. जमिनीवरच्या बार्बेरियन टोळीनं शहर घेतलं तर ही शक्यता आणखी वाढते.

देवगिरीच्या दुर्गाची तक्रार इथंच सुटते. नकाशा करणाऱ्यानं विचार केलेला असतो की प्रत्येक राजाचा एकच मुख्य गड, म्हणून जीनस स्मॉलवंडर. ऐकायला बरोबर वाटतं. पण १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, १३१७ च्या सुमारास यादवांचं राज्य संपलं, पुढं बहमनी आले, निजामशाही आली, १६३३ मध्ये मुघलांनी किल्ला घेतला, आणि दुर्ग आपल्या जागी तसाच राहिला. दरवेळी फक्त मालक बदलला. जी वास्तू राज्यं बदलली तरी उभी राहते ती ग्रेटवंडर करा. जी वस्तू राज्याबरोबरच जाते, म्हणजे राजवाडा, टांकसाळ, खजिना, ती स्मॉलवंडर ठेवा. मराठवाड्याचा नकाशा करताना एवढी एक कसोटी लावली तरी निम्म्या तक्रारी उगवतच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

राजवाड्याचं प्रकरण थोडं वेगळं आहे. तो स्मॉलवंडरच असतो, पण त्याला ‘सेव्हस्मॉलवंडर’ हा फ्लॅग (खास खूण) असतो, आणि सर्व्हरवर ‘सेव्हपॅलेस’ हे सेटिंग मुळातच चालू असतं. त्यामुळे राजधानी पडली की हरलेल्याच्या उरलेल्या शहरांपैकी कुठल्यातरी एकात फुकटात नवा राजवाडा येतो, आणि त्यासाठी लागणारं तंत्रज्ञान असो वा नसो. परभणीकरांना दिसला तो हाच. तुमच्या सिनॅरिओत राजधानी पडली की राज्य खरंच मोडायला हवं असेल, तर सेव्हपॅलेस बंद करा. उलट टांकसाळीसारखी एखादी इमारत राजाबरोबर पळून दुसऱ्या शहरात जावी असं वाटत असेल, तर तोच फ्लॅग तिलाही लावा.

स्वतःहून राजधानी हलवली तर मात्र निवड तुमचीच. तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली. खेळात तेच करायचं तर दौलताबादेत राजवाडा बांधायचा, दिल्लीतला आपोआप जातो. यालाही काही जण बग म्हणतात. स्मॉलवंडर एकच असू शकतं, म्हणून दुसरं बांधलं की पहिलं जातं, एवढंच.

ग्रेटवंडर केलं तरी गेलं

हा प्रकार फसवा आहे आणि सिनॅरिओतच जास्त दिसतो. वेरूळ म्हणजे लहान गाव, म्हणून नकाशा करणारा त्याला लोकसंख्या १ देतो आणि त्यात कैलास ठेवतो. फ्रीसिव्हमध्ये १ आकाराचं शहर जिंकता येत नाही, शत्रू आत शिरला की ते शहरच उद्ध्वस्त होतं. शहर गेलं की कैलास गेलं. आणि ग्रेटवंडर एकदा नष्ट झालं की ते पुन्हा कोणालाच बांधता येत नाही. ‘कोणी बांधलेलं नाही’ आणि ‘नष्ट झालं’ या खेळासाठी दोन वेगळ्या नोंदी आहेत. मग तक्रार अशी येते की कैलास कुणाकडंच नाही आणि यादीतही येत नाही.

उपाय अगदी सोपा आहे. ज्या शहरात वंडर ठेवताय त्याचा आकार निदान ३–४ ठेवा, आणि एक तरी चांगली संरक्षक तुकडी आत बसवा. जिंकल्यावर लोकसंख्या घटते, लागोपाठ दोन-तीन वेळा शहर हातोहात फिरलं तर ४ चं १ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून सीमेवरच्या गावांना अन्नाची सोयही जवळ द्या. गोदावरीकाठचं पैठण याबाबतीत निर्धास्त असतं, वेरूळच्या डोंगरात सोय तुम्हालाच करून द्यावी लागते.

दुसरी एक शक्यता एडिटरमधली. एडिट मोडमध्ये शहराच्या गुणधर्मांत जाऊन तुम्ही एखादं ग्रेटवंडर टिक केलं आणि ते आधीच दुसऱ्या शहरात असेल, तर तिथून ते काही न विचारता काढलं जातं. नकाशावर दोघं काम करत असतील तर हे हमखास होतं. एकानं कैलास वेरूळला ठेवलं, दुसऱ्यानं देवगिरीत ठेवून पाहिलं आणि परत टिक काढली, की आता ते कुठंच नाही.

तिसरी शक्यता नावाची. सेव्ह फाइल इमारती ओळखते त्या नियमांतल्या नावावरून. सिनॅरिओ सेव्ह केल्यानंतर तुम्ही बिल्डिंग्ज फायलीत ‘कैलास’चं ‘कैलासनाथ लेणं’ केलंत, तर जुन्या सेव्हमधलं कैलास कोणाचं हे खेळाला कळत नाही आणि ते शहरातून गळून जातं. यासाठी ‘रूलनेम’ नावाची वेगळी ओळ असते. ती सुरुवातीलाच रोमन लिपीत, छोटी, साधी ठेवा आणि नंतर कधीही बदलू नका. खेळाडूला दिसणारं नाव ‘नेम’मध्ये देवनागरीत हवं तितक्यांदा बदला.

आणि सगळ्याच शहरांतल्या सगळ्याच इमारती गायब असतील, शहरंसुद्धा नसतील, तर सिनॅरिओच्या गुणधर्मांत खेळाडू सेव्ह करण्याचं टिक नाही. त्याशिवाय फक्त जमीन सेव्ह होते.

इमारत दिसते, पण काम करत नाही

आता इफेक्ट्स फाइल उघडा. प्रत्येक परिणामाच्या तुकड्यात प्रकार असतो, किंमत असते आणि अटींचा तक्ता असतो. कैलासासाठी तुकडा साधारण असा वाचता येतो: प्रकार ‘मेक कंटेंट’, किंमत २, अट ‘बिल्डिंग, कैलास, सिटी’. शेवटचा शब्द म्हणजे रेंज, आणि बहुतेक घोळ याच रकान्यात असतो. ‘सिटी’ लिहिलं तर फक्त वेरूळची माणसं समाधानी होतील. साऱ्या यादव राज्याला फायदा हवा असेल तर ‘प्लेयर’ लिहायला हवं. कैलास चालत नाही म्हणणाऱ्याला विचारा की तू कोणत्या शहरात पाहतोयस. तो देवगिरीत पाहत असतो.

‘वर्ल्ड’ रेंज जपून वापरा. ती लिहिली की ग्रेटवंडर जगात कुणाकडंही असलं तरी अट पुरी होते, म्हणजे तुम्ही खर्च करून बांधायचं आणि फायदा शत्रूलाही. मूळ नियमांतला मॅनहॅटन प्रोजेक्ट असाच आहे: एकानं बांधला की अण्वस्त्रं सगळ्यांना खुली होतात. त्याच्या अटीत ‘सर्व्हाइव्हज’ हा रकानाही खरा ठेवलेला असतो, म्हणजे इमारत पुढं नष्ट झाली तरी परिणाम राहतो. एखाद्या वास्तूचा प्रभाव तिच्या नाशानंतरही टिकावा असं तुम्हाला वाटत असेल तर हा रकाना उपयोगी आहे. नाहीतर त्याला हात लावू नका.

साध्या इमारतीला ‘प्लेयर’ रेंज देता येत नाही, ती फक्त वंडरसाठी आहे. ‘पेठ’ नावाची साधी इमारत करून साऱ्या राज्याला व्यापार वाढवून देण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. सर्व्हरच्या खिडकीत तेव्हा स्पष्ट चूक लिहून येते की हे फक्त वंडरला चालतं, आणि नियम लोडच होत नाहीत. ती खिडकी कुणी वाचत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. अर्ध्या तासाचा त्रास तिथल्या एका ओळीत वाचतो.

एकाच तुकड्यात दोन अटी लिहिल्या तर दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. ‘कैलास किंवा अजिंठा’ असं म्हणायचं असेल तर दोन वेगळे तुकडे करायचे. ज्याच्याकडं दोन्ही असतील त्याच्यासाठी किमती मिळवल्या जातात, हेही लक्षात ठेवून आकडा ठरवा.

सगळं बरोबर असून कैलास निपचित असेल, तर मी थेट बिल्डिंग्ज फायलीतली ‘ऑब्सोलीट बाय’ (कशानं कालबाह्य होतं) ही ओळ बघतो. नवं वंडर करायचं म्हणजे क्लासिक नियमांतलं एखादं उचलायचं आणि नाव बदलायचं, ही सगळ्यांची पद्धत. मंदिर म्हणून टेम्पल ऑफ आर्टेमिस उचललं जातं. ते थिऑलॉजी हे तंत्रज्ञान मिळालं की कालबाह्य होतं. आपला सिनॅरिओ तेराव्या शतकात सुरू होतो, यादवांना सुरुवातीलाच थिऑलॉजीपर्यंतची तंत्रज्ञानं दिलेली असतात, म्हणजे पहिल्या चालीपासूनच कैलास मेलेलं. दिसतं, कारण वंडर विकलं जात नाही. साधी इमारत कालबाह्य झाली असती तर खेळानं ती आपोआप विकून टाकली असती आणि तुम्हाला निदान निरोप तरी आला असता.

यातला एक तपशील ओळखायला फार कामाचा आहे. कालबाह्यता मालकाच्या तंत्रज्ञानावरून ठरते. यादवांच्या हाती मुकं पडलेलं कैलास थिऑलॉजी नसलेल्या शत्रूनं वेरूळ घेतल्याबरोबर चालू लागतं. "शत्रूकडं चालतंय, आमच्याकडं का नाही?" अशी तक्रार आली की दुसरीकडं शोधायचं कारण नाही. ती ओळ काढून टाका, किंवा इतक्या उशिराचं तंत्रज्ञान घाला की तुमच्या सिनॅरिओत ते येणारच नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात खोदलेलं लेणं आजही लोक बघायला येतात, त्याला कालबाह्य करायचं तरी कशासाठी!

एकाच राज्याची खास इमारत

सिव्हिलायझेशन ५ खेळून आलेल्यांना सवय असते की एखाद्या राष्ट्राची खास इमारत मूळ इमारतीची जागा घेते. फ्रीसिव्हमध्ये अशी बदलीची सोयच नाही. तुम्ही ‘तेरची पेठ’ केली आणि तिला ‘नेशन’ची अट लावून फक्त सातवाहनांना दिली, तर सातवाहनांच्या यादीत पेठही येईल आणि साधा बाजारही. मग बाजाराला उलटी अट लावता, म्हणजे ‘प्रेझेंट’ रकाना खोटा करून सातवाहनांना तो बंद करता. इथवर ठीक. पण क्लासिक नियमांत बँकेसाठी शहरात बाजार असणं सक्तीचं आहे. सातवाहनांकडं बाजार नाही, म्हणून बँक नाही, म्हणून पुढचं स्टॉक एक्स्चेंजही नाही. ‘बाजार किंवा पेठ’ अशी अट इमारतीला लावता येत नाही, कारण सगळ्या अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. शिवाय बाजाराचे सगळे परिणाम पेठेच्या नावानं पुन्हा लिहावे लागतात, आणि त्यातला एखादा राहतोच.

माझं ठाम मत आहे की या वाटेनं जाऊच नये. नवी इमारत करू नका. बाजार सगळ्यांना एकच ठेवा आणि इफेक्ट्स फायलीत एक जादा तुकडा लिहा: शहरात बाजार असेल आणि मालक सातवाहन असेल तर इतका व्यापार जास्त. बँकेची साखळी शाबूत राहते. शत्रूनं तेर घेतलं की बाजार, पडला नाही तर, त्याच्याकडं जातो, पण जादा फायदा जात नाही, कारण मालक बदलला. सातवाहनांनी परत घेतलं की फायदा परत. हेच बहुतेकांना हवं असतं. फक्त यादीत ‘पेठ’ हे नाव दिसत नाही, तेवढं बाजाराच्या मदत मजकुरात लिहून भागवा.

राष्ट्राचं नाव नेशनच्या फायलीत जसं आहे तसंच्या तसं लिहा. एक अक्षर चुकलं तरी नियम लोड होत नाहीत.

यादीत येतच नाही

मकबऱ्याची तक्रार. तो १६६० च्या आसपासचा, म्हणून तेराव्या शतकात तो बांधता येऊ नये ही काळजी योग्यच. पण त्यासाठी लावलेलं तंत्रज्ञान सिनॅरिओत कुणाच्या आवाक्यातच नसेल तर तो कधीच येणार नाही. तंत्रज्ञानाची साखळी मागं तपासत जा. तीच तपासणी कालबाह्यतेची करा. कालबाह्य इमारत बांधता येत नाही. आणि नोंद ‘नष्ट’ झालेली आहे का तेही पाहा.

ठरावीक शहरातच बांधता यावं असं हवं असेल तर शहराच्या नावाची अट शोधत बसू नका. ‘एक्स्ट्रा’ म्हणून ‘लेणी’ किंवा ‘कातळ’ अशी एक खूण नियमांत करा, नकाशावर ती हव्या त्या चौकटीत ठेवा, आणि इमारतीला ‘एक्स्ट्रा, कातळ, अ‍ॅडजेसंट’ अशी अट लावा. मग वेरूळ आणि अजिंठ्याशेजारीच लेणी होतील, उदगीरला होणार नाहीत.

स्क्रिप्ट लावणाऱ्यांसाठी एवढंच: ‘बिल्डिंग बिल्ट’ ही घटना इमारत खेळात बांधून पुरी झाल्यावर उठते. एडिटरनं ठेवलेल्या इमारतीसाठी ती उठत नाही. कैलास पुरं झाल्यावर सोनं द्यायचं लुआमध्ये (स्क्रिप्टच्या भाषेत) लिहिलंत आणि कैलास सुरुवातीपासूनच उभं असेल, तर ते सोनं कुणालाच मिळणार नाही.

वाटण्यापूर्वी एकदा पाडून बघा

सिनॅरिओ ग्रुपवर टाकण्याआधी मी प्रत्येक वंडरचं शहर एकदा शत्रूच्या हाती देऊन बघतो. एडिट मोडमध्ये शहराशेजारी शत्रूची मजबूत तुकडी ठेवायची, एडिट मोड बंद करायचा, ‘टेक’ आदेशानं त्या शत्रूचा खेळाडू आपल्याकडं घ्यायचा आणि शहर घ्यायचं. मग शहराची खिडकी उघडून काय राहिलं, काय गेलं ते बघायचं. साध्या इमारतींच्या नशिबाचा गोंधळ मधे नको म्हणून तपासणीपुरतं ‘सेट रेझचान्स ०’ करून ठेवा. दहा किंवा त्याहून जास्त शहरं असलेल्या राज्याची राजधानी घेताना राज्यात आपसातच युद्ध (सिव्हिल वॉर) पेटून अर्धी शहरं नव्या खेळाडूकडं जाऊ शकतात. त्या शहरांतली ग्रेटवंडर त्यांच्याबरोबर जातात, स्मॉलवंडर नष्ट होतात. तेही एकदा डोळ्यांनी पाहून ठेवा.

पाठवताना फक्त सिनॅरिओची फाइल पाठवू नका. कैलास आणि दुर्ग ज्या नियमांत आहेत ते तिच्यात नसतात. नियमांचं अख्खं फोल्डर आणि ते चालू करणारी सर्व्ह फाइल एकत्र झिप करा, आणि कोणत्या आवृत्तीवर बनवलंय ते झिपच्या नावातच लिहा. ३.० साठीचे नियम ३.१ वर आहेत तसे चालतील असं धरून चालू नका.